भट्टीवरचं अंडं

माझा भाऊ ड्वेन फ्लोरिडाहून आला तो बंगल्याएवढी गाडी भाड्याने घेऊन, आणि पार्कच्या फाटकापासून शंभर पावलांवर ती वाळूत रुतवून बसला. रुतणारच. वाळूवर उतरायच्या आधी चाकांतली निम्मी हवा सोडायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. फाटकाशी तशी पाटीसुद्धा आहे. पण ड्वेन आता फ्लोरिडाचा झालाय, आमच्या पाट्या वाचत नाही.

"वांडा, जरा दोर आण ग," तो खिडकीतून ओरडला. जसं काही गाडी मीच रुतवली होती.

"आधी हवा सोड," मी म्हणाले. "चाकांतली. तुझी नंतर सोडू."

शेवटी माझ्या पिकअपने ओढून त्याला आमच्या जागेपर्यंत आणला. सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवते. बर्फात, साठ पोरांच्या किंचाळ्यांत. त्यापुढे वाळूतली एक गाडी म्हणजे काहीच नाही. पण ड्वेनने उतरल्या उतरल्या आमच्या वडिलांना, पॉपना, मिठी मारली आणि म्हणाला, "वाळू यंदा फारच मऊ आहे, नाही?" आणि पॉप मान डोलावून म्हणाले, "हो, यंदा मऊच आहे." मला असा राग आला म्हणता!

लाँग आयलंडच्या या टोकाला हॅरो पॉइंटचा कौंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पार्क आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची लांब जीभ. दर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं सगळं खटलं तिथे राहायच्या गाड्या लावून मुक्काम ठोकतं, आणि शनिवारी आमची भट्टी लागते. वाळूत खड्डा खणायचा, त्यात दगड रचायचे, ओकच्या लाकडांचा जाळ करून ते दगड तापवायचे. निखारे ओढून काढले की दगडांवर ओलं शेवाळ, शेवाळावर बटाटे, कांदे, कणसं, शिंपल्यांतल्या तिसऱ्या, नांग्यांची शेवंडं, आणि सगळ्यावर शिडाचं भिजवलेलं जाड कापड. मग वाफ आपलं काम करते, आणि माणसं भुकेने एकमेकांवर खेकसतात.

खरं म्हणजे पार्कात खड्डा खणायला बंदी आहे. आम्हाला परवानगी मिळते ती मिस प्रुइटमुळे. पार्कातल्या जुन्या गुराख्याच्या घरात छोटं संग्रहालय आहे, ते त्या सांभाळतात. त्यांनी कौंटीच्या कागदावर आमच्या भट्टीला 'ऐतिहासिक प्रात्यक्षिक' असं नाव देऊन टाकलंय. म्हणजे आम्ही जेवतो, आणि तो इतिहास होतो. बदल्यात एकच अट, शनिवारी दुपारी मिस प्रुइट पंचवीसेक पाहुणे घेऊन येतात, आणि पॉपनी त्यांना भाषण द्यायचं, थोडं खायला घालायचं. ही अट पॉपना जाचक वगैरे अजिबात वाटत नाही.

पॉपचं नाव ऑरिन, वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं भट्टीचे मुख्य तेच. मुख्याच्या हातात दाताळं असतं. अॅश लाकडाचा दांडा, पुढे चार बोथट दात, पॉपच्या आजोबांचं. दगड लावायला, निखारे ओढायला, शेवाळ पसरायला तेच. ते दुसऱ्या कुणी हातात घ्यायचं नाही. आणि ईस्टरला जेवताना पॉपनी चमचा खाली ठेवून जाहीर केलं होतं, "ही माझी शेवटची भट्टी. त्या दिवशी दाताळं देऊन टाकीन." कुणाला, ते बोलले नाहीत. बटाटे मात्र पुन्हा मागितले.

मला ते दाताळं हवं होतं. उगाच आढेवेढे घेत नाही, हवंच होतं. तीस वर्षं कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहून खडकांवरचं फोडाफोडांचं शेवाळ मी कापलंय. कुठला दगड तापवायचा आणि कुठला ओला दगड आगीत फटाक्यासारखा फुटेल, ते मला नुसतं उचलून कळतं. ड्वेन दोन वर्षांतून एकदा येतो, जेवतो, ढेकर देतो. पण आमच्या घरात दाताळं मुलाकडे जात आलंय. पॉपच्या वडिलांना चार मुली होत्या, चौघीही पॉपपेक्षा थोरल्या. दाताळं आलं पॉपकडे.

त्यात ड्वेनने यंदा आणखी एक वस्तू आणली. हातभर लांब सळईचा थर्मामीटर.

"खुपसला की आकडा दिसतो," तो पॉपना म्हणाला. "अंड्याबिंड्याची कटकटच नको."

पॉपनी ती सळई अशी बघितली की जणू कुणी जेवणाच्या ताटात मोजा ठेवलाय.

"अंड्याला कटकट म्हणायचं नाही," ते म्हणाले.

अंडं म्हणजे आमच्या भट्टीचं घड्याळ. झाकायच्या आधी सगळ्यात वर, मधोमध, एक कच्चं अंडं ठेवायचं. पुष्कळ वेळाने कापडाची एक कड जराशी उचलून ते बाहेर काढायचं आणि फोडायचं. घट्ट शिजलं असेल तर खालचं सगळं झालं. पॉप त्याला 'अंडं बोललं' म्हणतात. एकदा बोललं की कापड उचलायचं. आणि एकदा उचललं की उचललं, वाफ गेली ती गेली. कच्चं राहिलं तर पुन्हा झाकून काही उपयोग नसतो.

शनिवारी सकाळपासून भट्टी छान चालली होती. हवा कोरडी, वारा खाडीकडून, लाकूड खणखणीत. माझा नवरा लेन आणि मी दगड रचले. ड्वेननेही दोन दगड आणले, दोन्ही ओले. मी काही न बोलता ते त्याच्या खुर्चीशेजारी ठेवून दिले. तीन तास जाळ झाल्यावर पॉपनी निखारे ओढले. दोनदा दांड्यावर रेलून थांबले, पण कुणाला हात लावू दिला नाही. शेवाळ पडलं तसे त्याचे फोड तडतडायला लागले. भराभर थर लागले. मग पॉप ओरडले, "अंडं!"

मी मॉमच्या गाडीत पळाले. मॉम आत नव्हती, दाराशीच निळ्या वाडग्यात अंडी होती, गार, पांढरी. त्यातलं एक उचललं आणि पळत आले. पॉपनी ते दोन्ही हातांनी घेऊन मधोमध बसवलं. आम्ही कापड ओढलं, कडांवर वाळू टाकली. कापड फुगलं, आणि वाट बघणं सुरू झालं.

पस्तीस मिनिटं झाली असतील नसतील, तोच वाळूच्या टेकाडावरून मिस प्रुइट आल्या. डोक्याला जुन्या काळची टोपी, पायघोळ झगा, पायांत मात्र धावायचे बूट. मागे पंचवीस पाहुणे, दोन तान्ही बाळं, एक कुत्रा.

पॉपना दुसरं काय पाहिजे! त्यांनी दाताळं वाळूत रोवलं आणि सुरू झाले. सव्वाशे वर्षांमागे क्यूबाच्या लढाईतून तापाने फणफणलेले शिपाई याच टेकाडांवर तंबूंत कसे ठेवले होते, त्यांना कुणी जवळ करीना, आणि माझ्या खापरपणजीने इथेच भट्टी लावून त्यांना कसं जेवू घातलं. लहानपणी मी ही गोष्ट ऐकली तेव्हा शिपाई वीस होते. माझ्या लग्नाच्या साली दीडशे झाले. त्या शनिवारी पॉप म्हणाले, "चारशे शिपाई! एका बाईने!"

"मागल्या वर्षी तीनशे होते, ऑरिन," मॉम खुर्चीतून म्हणाली.

"मागल्या वर्षी मी दमलो होतो."

पाहुणे हसले. मिस प्रुइटनी घड्याळ बघितलं, त्यांना पुढे दीपस्तंभाकडे जायचं होतं. मग पॉपनी हात वर केला. त्यांनी कापडाची कड उचलली, लांब लाकडी पळीने अंडं बाहेर काढलं, दाताळ्याच्या दांड्यावर टिचकवलं, आणि सोलून दोन तुकडे करून तळहातावर सगळ्यांना दाखवलं. पांढरं घट्ट. पिवळं घट्ट.

"अंडं बोललं!" पॉप गरजले. "यंदा दगड काय तापलेत! धरा रे कडा!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लेन, ड्वेन, सगळे वाकले. आणि मी काय केलं? मी दाताळं वाळूतून उपटलं आणि आडवं धरून कापडासमोर उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले. "अजून झालेलं नाही."

मीच दचकले, खोटं कशाला सांगू? ज्या दाताळ्याला मी बावन्न वर्षांत बोट लावलं नव्हतं ते माझ्या हातात होतं, आणि समोर पॉप होते.

"वांडा," पॉप हळू म्हणाले. "अंडं बघितलंस ना?"

"बघितलं. पण आत कच्चं आहे."

"चाळीस वर्षांत अंडं खोटं बोललेलं नाही."

"आज बोलतंय. शेवाळ अजून तडतडतंय, ऐका. आणि वास बघा ना, पॉप! नुसता समुद्र आणि कच्चा कांदा येतोय. तुम्हालाही येत असेल."

पॉपचा चेहरा लाल झाला. पंचवीस परक्या माणसांसमोर पोटची मुलगी त्यांचं अंडं खोटं पाडत होती, तेही त्यांच्या शेवटच्या भट्टीला. वाटलं, गेलं. दाताळं हातात आहे तेवढंच, आता आयुष्यात मिळत नाही. मुकाट्याने बाजूला झाले असते तर कदाचित मिळालंही असतं. पण आत शंभर तिसऱ्या अर्ध्याकच्च्या होत्या. त्या दोन बाळांच्या आयांनी त्या खाल्ल्या असत्या. मी हलले नाही.

"बाईसाहेबांचं नाक!" ड्वेन पाहुण्यांकडे बघून म्हणाला. "अंड्यापेक्षा शहाणं. मी थर्मामीटर आणला तर हसत होते सगळे."

"तू गप रे," मॉम म्हणाली.

"गप कसला? भूक लागलीय मला! पॉप, सांगा तिला."

पॉप तळहातावरच्या अंड्याकडे बघत होते.

"मग तोवर हे तरी खाऊ," म्हणून ड्वेनने मॉमच्या मांडीवरचा निळा वाडगा ओढला. भट्टीची वाट बघताना खायला मॉम दर वर्षी डझनभर अंडी उकडून ठेवते, माणशी एक. आणि आमच्या घरात उकडलेलं अंडं टेबलावर फोडत नाहीत. कपाळावर फोडतात. पॉपनीच शिकवलंय, जितका जोर तितका मर्द. ड्वेनने पाहुण्यांना नीट दिसेल असं तोंड वळवलं, वरचंच अंडं उचललं, आणि फ्लोरिडाची सगळी ताकद लावून कपाळावर हाणलं.

फच्च!

पिवळा बलक त्याच्या भुवईवरून नाकावर आला, नाकावरून मिशीत, मिशीतून नव्या पांढऱ्या शर्टावर. तो तसाच उभा राहिला, हातात कवच धरून. कुत्रा पुढे आला आणि त्याचा बूट चाटायला लागला.

मग मॉम खुर्चीतून ताडकन उठली.

"अगबाई! वांडा, सकाळचं अंडं तू कुठून घेतलंस?"

"निळ्या वाडग्यातून."

"अग, ती उकडलेली होती! मी मोजली तर अकराच भरली. म्हटलं, उकडलेलं एक चुकून कागदी खोक्यातच परत गेलं वाटतं. म्हणून खोक्यातलं उचलून वर ठेवलं."

म्हणजे उकडलेलं अंडं मी भट्टीत ठेवलं होतं. ते आत जायच्या आधीपासूनच शिजलेलं होतं. बोलणार नाही तर काय करणार बिचारं! आणि कच्चं बसलं होतं ड्वेनच्या कपाळाची वाट बघत.

मग जो हशा उठला, तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. मिस प्रुइट टोपी धरून वाळूत बसल्या. लेनला ठसका लागला. एक पाहुणा विचारत होता की हेही ऐतिहासिक आहे का, आणि मॉम म्हणत होती, "हो, आजपासून!" शेवटी ड्वेनही हसायला लागला. त्याचं हे एक बरं आहे, स्वतःवर हसता येतं त्याला. थर्मामीटरची सळई मिशीला लावून म्हणाला, "हे मात्र कच्चं आहे, मी छातीठोक सांगतो." मी त्याला टॉवेल फेकून दिला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला तो पुरता आवडला.

पॉप तेवढे हसत नव्हते. ते कापडाला वळसा घालून माझ्याजवळ आले. चूक तर माझीच होती, अंडं मीच आणलं होतं.

"पॉप, माझंच चुकलं. न बघता—"

"अंड्याचं सोड," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला खरंच वासावरून कळलं?"

"हो. कणसाचा गोड वास सुटला नव्हता. तो सुटल्याशिवाय कधी झालेलं असतं का? तुम्हीच तर..."

"मी शिकवलं नाही तुला ते."

"तुमच्याकडे बघून शिकले. तुम्ही अंडं काढायच्या आधी नेहमी मान वर करून वास घ्यायचात. मग म्हणायचात, अंडं!"

पॉप समुद्राकडे वळले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "मला वास येत नाही, वांडा. कशाचाच नाही. कॉफीचा नाही, समुद्राचा नाही, तुझ्या आईच्या पावडरीचासुद्धा नाही. तिला ठाऊक आहे फक्त. माझा आजा म्हणायचा, अंडं पाहुण्यांसाठी असतं, भट्टी नाकाने काढायची. मागल्या वर्षी मी नुसत्या अंड्यावर काढली. आतून लटपटत होतो. म्हणून सोडतोय."

माझे डोळे भरून आले. वाफेने, असं सांगायला सोय होती, पण वाफ दुसरीकडे जात होती. मागल्या वर्षी मी त्यांच्या शेजारीच उभी होते, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आणि आज सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले होते, वास बघा ना. मी त्यांचा दंड धरला. तो किती बारीक झालाय, तेही मला तेव्हाच कळलं.

"आत्ता कसा येतोय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वास. सांग की. घाई कर, माणसं उपाशी आहेत."

मग मी सांगायला लागले. असं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, शब्द शोधावे लागत होते. म्हटलं, अजून समुद्र पुढे आहे, पण शेवाळ आता खारट नाही, जरा भाजल्यासारखं येतंय. कांदा कच्चा होता तो मऊ पडलाय. बटाट्याच्या सालीचा येतोय, मातीचा, शेत नांगरल्यावर येतो तसा. पॉप डोळे मिटून ऐकत होते. रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकतात तसे, मधेच मान हलवत. "तिसऱ्या?" ते विचारत. "तिसऱ्या आत्ता कुठे तोंड उघडताहेत." "शेवंडं?" "येताहेत, लोणी लावायच्या आधीच लोण्याचा वास येतोय." मिस प्रुइटनी दीपस्तंभ रद्द करून टाकला. पाहुण्यांनी वाळूत बैठक मारली. मॉमने उरलेली अंडी वाटली, प्रत्येक जण आधी ते कानाशी हलवून बघत होता. शेवाळाची तडतड कमी होत गेली आणि थांबली. अर्धा तास गेला, पाऊण गेला. कुणी मला घाई केली नाही.

आणि मग वारा जरा फिरला.

"आला," मी म्हणाले.

"कणीस?"

"कणीस."

"गोड?"

"गोड, पॉप. दुधाळ गोड. कोवळ्या दाण्यांचा."

पॉपनी डोळे उघडले. मला वाटलं, आता ते दाताळ्यासाठी हात पुढे करतील. पण ते वळले आणि ड्वेनच्या शेजारी जाऊन वाकले. एका हाताने गुडघा धरून, दुसऱ्या हाताने त्यांनी कापडाची कड पकडली.

"ए, सगळ्यांनी धरा रे!" ते ओरडले. "आणि मुख्य बाईंनी सांगितल्याशिवाय कुणी उचलायचं नाही!"

सगळे माझ्याकडे बघत होते. ड्वेनसुद्धा, भुवईत बलक तसाच. मी दाताळ्यावर मूठ आवळली.

"उचला!"

कापड वर गेलं आणि वाफेचा एवढा मोठा लोट उठला की पॉप दिसेनासे झाले. तिसऱ्या झाडून साऱ्या उघडल्या होत्या, शेवंडं लालभडक, कणसं पिवळीधमक. पाहुणे ओरडत होते, पोरं नाचत होती, आणि त्या गलक्यात वाफेच्या आतून पॉपचा आवाज आला. जो प्रश्न आम्ही चाळीस वर्षं त्यांना विचारत आलो, तो ते मला विचारत होते.

"वांडा, जमली का ग भट्टी?"

"जमली, पॉप," मी म्हणाले. "या, जेवायला बसा."